चौथ्या मजल्यावरचं गॅरेज

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि माझ्या गुडघ्यांत वंगण नाही. यातलं एकच काहीतरी असतं तर निभावून नेलं असतं. दोन्ही एकदम आल्यामुळे गेली काही वर्षं मी डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर अडकून पडलो आहे.

शेवटचा खाली उतरलो तो भाचीच्या लग्नाला. उतरताना कठडा धरून कसाबसा उतरलो, पण येताना दुसऱ्या मजल्यावर जी बसकण मारली, ती दोघांनी काखेत हात घालून उचललं तेव्हाच सुटली. डॉक्टर म्हणाले, गुडघे बदला. दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाचे कागद बघितले आणि म्हणाले, भूल द्यायची आमची हिंमत नाही. म्हणजे पार्ट मिळतो, पण बसवणारा तयार नाही. इमारत पाडून नवी बांधायची बोलणी दर गणपतीत नव्याने सुरू होतात. नव्या इमारतीच्या नकाशात दोन लिफ्ट आहेत. तो नकाशा माझ्या फोनमध्ये आहे, आणि रोज दुपारी मी त्याच्यावर बोट ठेवून वर-खाली करतो. बोलाचीच कढी, दुसरं काय.

खाली उतरायचा एक मार्ग होता, नाही असं नाही. जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी, सोसायटीची हात असलेली एक प्लास्टिकची खुर्ची असते, मरून रंगाची. तीत बसवून चौघांनी उचलायचं. शेजारच्या ब्लॉकमधला तरुण केमिकल कंपनीत शिफ्टला जातो, तो कितीदा म्हणाला, "काका, पाच मिनिटांचं काम आहे. पोरं जमवतो. बसा आणि खाली चला, चहा मारू टपरीवर."

मी त्याला दर वेळी एकच उत्तर द्यायचो. माणसाला चौघांनी उचलायचं ते एकदाच, आणि माझी वेळ अजून आलेली नाही.

हे मी उगाच म्हणत नव्हतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. माझ्याच वयाचे, गप्पिष्ट. ते गेले तेव्हा लक्षात आलं की आमच्या जिन्याच्या वळणावर तिरडी फिरत नाही. मग त्यांना त्या मरून खुर्चीत बसवलं, चादरीने छातीशी बांधलं आणि चौघांनी खाली नेलं. मी वरून कठड्याला रेलून बघत होतो. मला फक्त त्यांचा नीट विंचरलेला भांग दिसत होता आणि पुढे आलेले अनवाणी पाय. संध्याकाळी वॉचमनने खुर्ची धुऊन परत जिन्याखाली ठेवली. त्या खुर्चीत मी बसणार नव्हतो. बायको म्हणाली, आपल्या घरातली खुर्ची घेऊ. मी म्हटलं, खुर्ची बदलून खांदे बदलत नाहीत. भीती वाटत होती, सरळ सांगतो. जिवंत माणूस त्या खुर्चीत बसला तर पुढच्या वेळी खुर्चीला सवय झालेली असेल, असं काहीतरी डोक्यात होतं.

तर अशा अडकलेल्या अवस्थेत मी गाड्या दुरुस्त करतो. खेळण्यातल्या. साठ-सत्तर सालच्या, विलायतेत बनलेल्या, तळहाताएवढ्या. लोक त्यांना लोखंडी गाड्या म्हणतात, पण त्या असतात जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या. उमेदीची सगळी वर्षं मी ठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली, त्यामुळे धातूची आणि माझी जुनी ओळख आहे. सुरुवात घरच्याच गाडीपासून झाली. माझा मामा बोटीवर होता. त्याने माझ्यासाठी एक हिरवी गाडी आणलेली, आणि आईने ती लगेच शोकेसमध्ये ठेवली. काचेआड. पाहुणे आले की बाहेर काढायची, त्यांच्या हातात द्यायची, परत आत. मी ती जमिनीवर एकदाही चालवली नाही. निवृत्तीनंतर माळ्यावर सापडली तेव्हा रंग शाबूत होता, पण टायर दगड झाले होते. हात लावला तर तुकडे पडले. रबराचं असंच असतं. वापरलं तर झिजतं आणि नुसतं ठेवलं तर जास्त लवकर मरतं.

तेव्हा कळलं की असे टायर अजून मिळतात. नुसते टायर नाहीत, काचा, आस, स्टिअरिंग, दिव्यांचे मणी, सगळं. जगात माझ्यासारखे बरेच येडे आहेत आणि त्यांच्यासाठी कुणीतरी हे छोटे छोटे पार्ट नव्याने पाडतं. मी त्या हिरव्या गाडीला टायर बसवले, मुलीने फोटो कुठल्यातरी ग्रुपवर टाकला, आणि लोक त्यांच्या गाड्या पाठवायला लागले. गॅलरीत एक टेबल, एक दिवा, एक लहान ड्रिल. झालं गॅरेज.

गाड्या वर येतात दोरीच्या पिशवीतून. आमच्याकडे प्रत्येक गॅलरीला अशी एक पिशवी असतेच. भाजीवाला हाक मारतो, पिशवी खाली जाते, मेथी घेऊन वर येते. माझ्या पिशवीतून पार्सलंही येतात. मी गॅलरीतून ओरडतो, "बॉक्स आडवा ठेव रे, उभा नको," आणि खालचा पोऱ्या मान हलवून उभाच ठेवतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला रोज कळतं. दुरुस्त झालेली गाडी त्याच पिशवीतून खाली जाते. या घरात चढ-उतार करणाऱ्या दोनच गोष्टी होत्या. ती पिशवी आणि माझी बायको.

बायकोबद्दल सांगायला हवं. तिचे गुडघे ठीक आहेत, पण अडकलेली तीही होती. कल्याणला तिची बहीण राहते, अगदी जवळ, पण ती तिथे रात्रीची राहत नसे. घोडबंदर रोडला मुलगी आहे, एकोणिसाव्या मजल्यावर, तिथे जायची ती सकाळी आणि यायची दिवेलागणीच्या आत. मी एकटा आहे म्हणून. मी तिला कितीदा म्हटलं, जा की, मी काय कुकुल्लं बाळ आहे? ती म्हणायची, बाळ परवडलं, ते निदान उचलून नेता येतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एक टोइंगची गाडी आली. बंद पडलेल्या गाड्यांना मागून उचलून नेते ना, तसली, क्रेनची. मालक घोडबंदर रोडचा एक गृहस्थ, मुलीच्या इमारतीच्या मागच्याच इमारतीतला. गाडीची दशा वाईट होती. टायर नव्हते, क्रेनचा हुक नव्हता, मूळचा पांढरा रंग सुपारीएवढा कुठेतरी शिल्लक. अशी गाडी उघडायची म्हणजे आधी तिचं थोडं मोडावं लागतं. तळाला दोन रिव्हेट असतात, ठोकून बसवलेल्या, त्या ड्रिलने कापल्याशिवाय ती उघडतच नाही. कंपनीने ती परत उघडायच्या बेताने बनवलेलीच नसते. मी रिव्हेट कापल्या, जुना रंग उतरवला, दोन हात प्रायमर दिला आणि पांढरा रंग मारून ठेवला. असा रंग वरून वाळलेला दिसतो, पण आतून पक्का व्हायला बरेच दिवस घेतो. बोटाने दाबू नये, पाणी लावू नये. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हुक आणि टायर येऊन पडले. मी खुशीत होतो.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कारखान्यात असताना आम्ही लेथला हार घालायचो, आता बायको माझ्या ड्रिलला आणि पान्यांना हळदकुंकू वाहते. मी अंघोळीला गेलो होतो. येऊन बघतो तर ड्रिलला झेंडू, पक्कडीला झेंडू, आणि टोइंगच्या गाडीच्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा. वर अक्षता.

मी फडक्याने टिपलं. कुंकू निघालं, डाग राहिला. पांढऱ्यावर गुलाबी, बोटाच्या आकाराचा.

मग माझा पारा चढला. दुसऱ्याची गाडी आहे, महिनाभराचं काम आहे, कळत नाही तर हात कशाला लावायचा, असं मी बरंच काही बोललो. सणासुदीला बोलू नये ते बोललो. ती ताटातली फुलं सारखी करत ऐकत राहिली. मग म्हणाली, "आपल्याकडे खरी गाडी कधी आली नाही. दर दसऱ्याला लोक खाली गाड्यांना हार घालतात, मी वरून बघते. ही निदान खाली जाणार आहे. या घरातून काहीतरी बाहेर पडतंय, ते नीट जावं म्हणून लावलं."

मी फडकं घेऊन मोरीत गेलो. आपट्याची पानंही त्या वर्षी आम्ही एकमेकांना जरा घुश्शातच दिली.

त्यानंतर आठवड्याभराने ती जिन्यात पडली. दुपारची वेळ. गॅसवर दूध मंद ठेवून ती खाली कोथिंबीर आणायला गेली होती, कारण भाजीवाला त्या दिवशी आला नव्हता. मी टेबलाशी होतो. आधी पिशवी पडल्यासारखा आवाज आला, मग तिचा. मी दार उघडून कठड्याशी गेलो. वाकून बघितलं तर खालच्या जिन्यात तिच्या साडीचा काठ तेवढा दिसत होता.

"काय झालं गं?"

"काही नाही. पाय मुरगळलाय. तुम्ही येऊ नका."

मी येऊ शकतच नव्हतो. ते तिलाही माहीत, मलाही माहीत, आणि तरी ती म्हणाली, येऊ नका. त्या दोन शब्दांनी मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कशाने वाटली नाही. मी ओरडून ओरडून माणसं गोळा केली. वॉचमन, शेजारचा शिफ्टवाला, आणखी दोघं. त्यांनी मरून खुर्ची आणली. मी वरून बघत होतो. चौघांनी उचललं. तिचाही मला भांगच दिसला, पण तो हलत होता, आणि ती त्या पोरांना सांगत होती, "अरे हळू, ती कोथिंबीर उचला आधी."

मी गॅलरीत धावलो, म्हणजे माझ्या परीने धावलो. तिला रिक्षात बसवत होते. तिने वर बघितलं, हात उंच केला आणि मनगट फिरवलं. मला वाटलं, टाटा करते आहे. मीही हात हलवला. तिने कपाळावर हात मारला आणि पुन्हा मनगट फिरवलं. गॅस. गॅस बंद करा म्हणत होती. मी आत पोचेपर्यंत दुधाचा कोळसा झाला होता.

घोट्याजवळचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं, आणि डॉक्टर म्हणाले की बरेच दिवस जिना नाही. मुलीने तिला परस्पर घोडबंदर रोडला नेलं, लिफ्टच्या घरी. म्हणजे आता ती एकोणिसाव्या मजल्यावर आणि मी चौथ्या. तिला वर येता येत नाही आणि मला खाली जाता येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा-बायकोत असा पेच पडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही इकडे या ना. किती दिवस असे राहणार?"

मी म्हटलं, बघू.

जेवणाचा डबा पिशवीतून यायला लागला. बायको रोज फोनवर चेहरा दाखवायची, आणि आता शेळ्या हाकायला तिला माझ्यापेक्षा उंच उंट मिळाला होता. तुळशीला पाणी घाला, चादर बदला, औषध घेतलंत का, खोटं बोलू नका. फोन बंद झाला की घर एकदम मोठं व्हायचं. मी टोइंगची गाडी समोर घेऊन बसायचो. बॉनेट पुन्हा खरवडून रंगवायचं म्हणून ब्रश काढायचो आणि तसाच ठेवायचो. दिवाळीत गॅलरीत एक पणती लावली. समोरच्या इमारतीतल्या आजींनी तिकडून हात केला आणि बोटांनी विचारलं, त्या कुठे? मी वर बोट दाखवलं, एकोणिसावा मजला म्हणून. त्यांनी गैरसमजाने हातच जोडले. मला जोरजोरात मान हलवावी लागली.

दिवाळीनंतर एका दुपारी मी कुणालाही न सांगता एकटा उतरायला निघालो. दोन्ही हातांनी कठडा धरला, उलटा फिरलो, आणि लहान मूल उतरतं तसा एकेक पाय खाली सोडत गेलो. तिसऱ्या मजल्याच्या थोडं वर उजवा गुडघा अडला. खाली जाईना, वर येईना. मी तिथेच भिंतीला कपाळ टेकवून उभा राहिलो. बंद दारांआडून टीव्हीचे आवाज येत होते. हाक मारायची लाज वाटत होती. शेजारचा शिफ्टवरून आला तेव्हा त्याने मला बघितलं आणि पाठीत हात घालून परत वर आणून सोडलं. दारात तो एवढंच म्हणाला, "काका, हट्ट कोणाशी करताय?"

त्या रात्री मी फोनवर बायकोला हे सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती चिडली.

"उद्या येतेय मी तुम्हाला न्यायला," ती म्हणाली. "खुर्चीत बसायचं. मीही त्याच खुर्चीत बसले. काही झालं नाही. तिचा एक पाय आखूड आहे, तेवढंच."

मी सबबी शोधायला लागलो. कपाटाखालून माझ्या बाहेरच्या चपला काढल्या. उचलल्या तर तळवे तिथेच फरशीवर राहिले आणि वरचे पट्टे हातात आले. इतकी वर्षं नुसत्या पडून होत्या, सगळा भुगा झाला होता. मला मनातून बरंच वाटलं. मी म्हटलं, "चपला नाहीत माझ्याकडे. अनवाणी येऊ का तुझ्या लेकीच्या इमारतीत?"

त्यावर तिने फोन ठेवला. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली हॉर्न वाजला. मुलीची गाडी. मागच्या सीटवर प्लास्टरचा पाय लांब करून बायको बसली होती, काचेतून डोकं बाहेर काढून. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून तसला पाय घेऊन ती एवढ्या लांब आली होती.

"पिशवी सोडा," ती ओरडली.

मी सोडली. मला वाटलं, काहीतरी खायला आणलंय. मुलीने एक खोका आत ठेवला, आडवा, आणि मी वर ओढला. आत नव्या चपला होत्या. तपकिरी, मागे पट्टा असलेल्या, घसरू नयेत म्हणून खाली जाड रबर. एक नंबर मोठ्या. संध्याकाळी माझे पाय सुजतात हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. टायर मागवताना मी मिलिमीटरचा हिशोब करून तीनतीनदा लिहितो, तरी कधी कधी चुकीचं माप येतं. तिने कुणाला काही विचारलं नव्हतं.

"घाला!" खालून आवाज.

"अगं, चपलांचा प्रश्न नाहीये!" मी कठड्यावरून ओरडलो. "तू समजून घेत नाहीस. चौघं उचलणार, पाय पुढे..."

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला, समोरच्या आजीही गॅलरीत आल्या, "तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊजींच्या पायात होत्या का चपला? मेलेल्याच्या पायात कधी चपला बघितल्यात? घालून बसा! चपला घातलेला माणूस कुठेतरी जायला निघालेला असतो!"

खाली भाजीवाला हसला. मी नाही हसलो. आत गेलो, पलंगावर बसलो आणि चपला घातल्या. 

अडला हरी म्हणतात तशी माझी गत होती, पण उचलणारी पोरं मात्र गुणी होती. शेजारच्याने तीन जण जमवले. मरून खुर्ची वर आली. मी अट घातली की मला उलटं न्या, पाठ पुढे. त्यांनी ऐकलंही, पण पहिल्याच पायरीला मी मागच्या मागे कलंडलो आणि शेजाऱ्याच्या शर्टाला लटकलो. "काका, असं नाही जमणार. तुम्ही मागे रेलून बसा, पाय पुढेच येणार," तो म्हणाला. मग त्यांनी मला वळवलं. मी मांडीवर टोइंगच्या गाडीचा डबा घट्ट धरला होता. बॉनेटवर तो गुलाबी डाग तसाच होता. काढला नाही. मालकाला काय सांगायचं ते वाटेत ठरवू म्हटलं.

सबंध जिनाभर मी माझ्या पायांकडेच बघत होतो. समोर दोन नव्या तपकिरी चपला, तळवे कोरे, एक कणही माती नाही. तिसरा मजला आला, त्या गृहस्थांचं दार आलं, वळणावर पोरं थांबली, खुर्ची तिरकी केली, "पकडलंय ना?" "पकडलंय," आणि आम्ही वळलो. खुर्चीचा एक पाय खरंच आखूड होता. खाली टेकवली तेव्हा ती डुगडुगली.

मी उभा राहिलो. फाटकापर्यंत चालत गेलो, शेजाऱ्याचा दंड धरून. चपलांना डोंबिवलीची धूळ लागली. वर बघितलं, तर आमच्या गॅलरीतून रिकामी पिशवी लोंबत होती. खोका काढल्यावर ती घाईत आत घ्यायची राहिली होती.

बायकोने गाडीचं दार आतून उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तिने माझ्या पायांकडे बघितलं, अंगठ्याजवळ जागा आहे का ते दाबून पाहिलं, आणि विचारलं, "गॅस बंद केलात का?"

"रेग्युलेटरच काढून ठेवलाय," मी म्हणालो.

मग ती रडायला लागली.